‘महिन्याला एक गुण’ असा तक्ता हाती आला असेल तर: शाळेतल्या समुपदेशकासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी माध्यमाच्या एका अनुदानित शाळेत नव्याने रुजू झालेल्या समुपदेशक ताईंना मुख्याध्यापकांनी पाचवी ते सातवीच्या प्रत्येक तुकडीवर आठवड्याला एक तास दिलाय. सोबत तक्ता: जूनमध्ये शिस्त, जुलैमध्ये वक्तशीरपणा, ऑगस्टमध्ये देशप्रेम, सप्टेंबरमध्ये प्रामाणिकपणा, असं थेट मार्चपर्यंत. ताई विचारतात की गोष्ट सांगणं, फलक रंगवणं आणि प्रतिज्ञा म्हणून घेणं यापलीकडे या तासात काय करावं, आणि मुलांमध्ये काही बदललं की नाही हे कशावरून ओळखावं.

ताई, तक्त्यावरून मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. तास मिळालाय, तोही वेळापत्रकात छापून, हेच पुष्कळ झालं. एरवी समुपदेशकाच्या वाट्याला रजेवर गेलेल्या शिक्षकांचे बदली तास येतात. तक्त्यातला शब्द फळ्याच्या कोपऱ्यात खुशाल लिहा. तास मात्र मुलांच्या रोजच्या शाळेतल्या एखाद्या अडचणीच्या प्रसंगावर घ्या. ‘प्रामाणिकपणा’ शिकवायला घेतलात की पस्तीस मिनिटांत त्याचा सुविचार होतो. ‘गृहपाठ झालेला नाही आणि बाई वह्या गोळा करताहेत’ एवढंच घेतलंत तर तास पुरत नाही.

याला आधार आहे. अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी शाळकरी मुलांच्या चारित्र्याचा मोठा अभ्यास केला आणि १९२८ ते १९३० या काळात तो तीन खंडांत प्रसिद्ध झाला. सुमारे ११ हजार मुलं होती. परीक्षेत, खेळात, घरी करायच्या कामात फसवायची किंवा किरकोळ पैसे उचलायची संधी मिळेल असे प्रसंग त्यांनी मुद्दाम रचले होते. एका ठिकाणी सरळ वागलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी तसंच वागेल याचा भरवसा देता येईना. चांगलं काय आणि वाईट काय हे तोंडपाठ असण्याचा आणि प्रत्यक्ष वागण्याचा संबंध तर फारच क्षीण निघाला. पुढे इतरांनी त्याच आकड्यांची फेरमांडणी केली तेव्हा स्वभावाचाही थोडा वाटा दिसला, तेही खरं. पण आपल्या तासापुरता अर्थ तोच राहतो: प्रसंग बदलला की मूल बदलतं, म्हणून प्रसंगाची तयारी करून घ्यायला हवी.

अलीकडचे दोन दाखले मुख्याध्यापकांशी बोलताना उपयोगी पडतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने चारित्र्य आणि सामाजिक विकासाचे सात वेगवेगळे कार्यक्रम ८४ प्राथमिक शाळांमध्ये तपासले. २०१० साली अहवाल आला आणि सरासरीने मुलांच्या वागण्यात किंवा अभ्यासात फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २१३ कार्यक्रमांचा, म्हणजे २ लाख ७० हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात वागणूक सुधारलेली दिसली आणि अभ्यासातही फायदा दिसला. या आढाव्यातून कळतं ते असं की पायरीपायरीने जाणारे, मुलांना करायला लावणारे, पुरेसा वेळ देणारे आणि कोणतं कौशल्य शिकायचंय ते नेमकं ठरवणारे कार्यक्रम जास्त चालले. नुसत्या भिंतीवरच्या शब्दांनी काही होत नाही.

आपल्याकडे परिपाठातून दहा मूल्यं येऊन बरीच वर्षं झाली. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता. पाचवीचं पोरगं एका दमात म्हणून दाखवतं. २००९ साली बीड जिल्ह्यात सुरू झालेला आणि नंतर राज्यभर गेलेला ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम याच्या पुढचं पाऊल होता, कारण त्यात मुलं जोडीने आणि गटात बोलतात, काहीतरी करतात. तुमच्या शाळेत त्याच्या पुस्तिका कपाटात पडल्या असतील तर काढा, उपक्रम चांगले आहेत.

आता एक तास जवळून दाखवते.

सहावीचा वर्ग. प्रत्येकाला वहीच्या पानाचा चतकोर तुकडा द्यायचा, नाव लिहायचं नाही. फळ्यावर प्रश्न: ‘शाळेत खोटं कुठे बोलावं लागतं?’ चिठ्ठ्या येतात त्या साधारण अशा. ‘वही घरी राहिली.’ ‘पोटात दुखतंय’, हे पीटीच्या तासाला. ‘मी नाही, तो बोलत होता.’ ‘सही पप्पांनीच केलीय.’ ‘डबा संपवला.’ एखादी हमखास असते, ‘मी कधीच खोटं बोलत नाही’. ती वाचली की वर्ग खो-खो हसतो. हसू द्यावं, त्याने वातावरण मोकळं होतं. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या वहीच्याच असतात, म्हणून तोच प्रसंग घ्यायचा.

फळ्यावर मधोमध रेघ. डावीकडे ‘वही घरी राहिली’, उजवीकडे ‘गृहपाठ केलाच नाही’. मग विचारायचं, हे म्हटल्यावर काय होतं? डावीकडे एकच उत्तर येतं: ‘उद्या आण, म्हणतात.’ उजवीकडे हातांची रांग लागते. बाहेर उभं करतात, डायरीत शेरा, सगळ्यांसमोर बोलतात, आईला फोन. फळा भरला की मुलांकडे बघत गप्प राहायचं. कुणीतरी बोलतंच, ‘मग ताई, कोण येडा खरं बोलेल?’

हे वाक्य आलं की तास लागला असं समजा. इथे नेमका आपल्याला उपदेशाचा मोह होतो. तो आवरायचा. त्या मुलाने हिशेब बरोबर केलाय हे कबूल करायचं: ‘बरोबर आहे तुझं. खरं बोलणं महाग पडतंय. आता ते परवडेल असं काहीतरी शोधू.’

मग वाक्य बनवायचं. मुलांकडून घ्यायचं, आपण फक्त छाटायचं. काय झालं नाही, कुठे अडलं, कधी दाखवणार, एवढं त्यात यावं. ‘बाई, गणिताचा गृहपाठ पूर्ण झाला नाही. शेवटची तीन गणितं अडली. उद्या मधल्या सुट्टीपर्यंत दाखवतो.’ कारणांची लांबण नको, रडका सूर नको. हे वाक्य जोडीने म्हणायचं, एकजण विद्यार्थी आणि दुसरा बाई. मुलं बाईंचं काम खऱ्या बाईंपेक्षा कडक करतात, नसलेला चष्मा नाकावर ओढतात, ‘कालपण हेच सांगितलंस ना?’ असं दरडावतात. चांगलंच आहे, कठीण बाईंसमोर सराव झाला की खऱ्या बाई सोप्या वाटतात. मग अदलाबदल.

शेवटची पाच मिनिटं वहीच्या मागच्या पानावर एक जर-तर वाक्य लिहून घेण्यासाठी: ‘जर गृहपाठ झालेला नसेल, तर हजेरी संपल्या संपल्या मी बाईंच्या टेबलाजवळ जाईन.’ ‘मी खरं बोलेन’ असं लिहून घेऊ नका. कधी, कुठे, काय, हे ठरलेलं असलं की माणूस ते करण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी आणि त्यांच्यानंतर अनेकांनी दाखवलंय. मोठ्यांनाही हेच लागू पडतं. ‘उद्यापासून चालायला जाईन’ म्हणणारे आपण सगळे जाणतो.

या तासाच्या आधी एक काम करायचं असतं आणि ते राहिलं तर तास न घेतलेला बरा. गणिताच्या आणि भाषेच्या बाईंशी बोलून ठेवायचं. हजेरीनंतर मुलाने आपणहून सांगितलं तर बाहेर उभं करायचं नाही, फक्त तारीख लिहून घ्यायची. दिलेली तारीख चुकली तर मग नेहमीचे नियम. तुमच्या तासाला शिकलेलं वाक्य मूल दुसऱ्या दिवशी म्हणायला गेलं आणि त्याला दाराबाहेर उभं केलं, तर सगळा वर्ग एकच धडा घेतो की ताईंचं ऐकू नये. (शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, आणि तो कायदा २०१० पासून लागू आहे. स्टाफरूममध्ये कायद्यानं सुरुवात केलीत तर माणसं बंद होतात, म्हणून ते पान शेवटी काढा.)

शिक्षक म्हणतील, ‘मग रोजच येऊन सांगतील.’ येतात. सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस टेबलाजवळ रांग लागते. पण त्या रांगेत तीच ती मुलं, तोच तो पाठ दिसायला लागतो, आणि अपूर्णांकांचा भागाकार निम्म्या वर्गाला कळलेलाच नाही हे बाईंच्या लक्षात येतं. ‘वही घरी राहिली’ या उत्तरातून ही माहिती कधीच मिळाली नसती. सगळे शिक्षक तयार होणार नाहीत. जे होतील त्यांच्याच विषयापुरतं सुरू करा.

पुढच्या आठवड्यात पहिली दहा मिनिटं फक्त हेच विचारा की कुणी वाक्य वापरलं, काय झालं, कुठे फसलं. नवा गुण, नवा तास या घाईत ही दहा मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात आणि मागचं सगळं वाहून जातं. एका प्रसंगाला तीन-चार आठवडे द्या. तुमच्या तक्त्यात महिना आहे, म्हणजे हिशेब आपोआप जमतो.

गोष्टींबद्दल. गोष्ट सांगायचीच नाही असं नाही, पण कोणती सांगता ते बघा. कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तीन ते सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मागे ठेवलेलं खेळणं बघू नकोस असं सांगून मुलाला एकटं सोडलं, मग गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, डोकावलास का? ‘लांडगा आला रे आला’ आणि खोटं बोलला की नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकलेल्या मुलांच्या खरेपणात काही फरक पडला नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याचं वडिलांना कबूल केलं आणि वडिलांना त्याचं कौतुक वाटलं, ही गोष्ट ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला तर परिणाम नाहीसा झाला. वॉशिंग्टनची गोष्ट मुळात दंतकथा, तो भाग वेगळा. आपल्या शाळांमधल्या बोधकथांचा साठा बघा: खोटं बोलला आणि बुडाला, आळस केला आणि नापास झाला, आईचं ऐकलं नाही आणि हात मोडला. खरं बोलल्यावर कुणीतरी जवळ घेतलं, असा शेवट शोधावा लागतो. तुमच्या शाळेतलीच माणसं विचारा. शिपाई मामांना सापडलेलं पाकीट, शाळेत आलेल्या एखाद्या माजी विद्यार्थिनीने सांगितलेली दहावीच्या वेळची हकिगत. मुलं ओळखीच्या माणसाचं जास्त मन लावून ऐकतात.

बक्षिसांबद्दल माझं मत तिखट आहे. ‘महिन्याचा आदर्श विद्यार्थी’ आणि नावापुढे चांदण्या चिकटवायचा तक्ता, दोन्ही काढून टाका. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक’ असं आधी सांगितलं, तर पुढे मोकळ्या वेळात ती मुलं निम्म्यानेच चित्रांकडे वळली. ज्यांना काही सांगितलंच नव्हतं त्यांची आवड टिकली. मदत करणं, आपणहून खरं सांगणं, हेही मुलांमध्ये आधीपासून थोडंफार असतं. त्याला भाव लावला की मुलं भाव विचारायला लागतात. सहावीतल्या एका मुलीने पडलेला डबा उचलून दिला आणि मागे वळून विचारलं, ‘ताई, याची चांदणी?’

त्याहून मोठी अडचण म्हणजे आदर्श विद्यार्थी ठरतो कोण. इस्त्रीचा गणवेश, वेळेवर हजर, वह्यांना कव्हरं, घरी शिकलेले आईबाप. वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा ही मूल्यं वाईट नाहीत, पण शाळेत ती मोजली जातात तेव्हा बऱ्याचदा घरची परिस्थिती मोजली जाते. आई पहाटे कामाला जाते, धाकट्याला बालवाडीत सोडायची जबाबदारी सातवीतल्या मुलीवर, पाण्याचा टँकर आला की रांगेत तीच. ती रोज दहा मिनिटं उशिरा येते आणि गेटवर उभी राहते. त्या मुलीला वक्तशीरपणावर तास घेऊन आपण काय शिकवणार? घड्याळ तिला वर्गातल्या कुणाहीपेक्षा चांगलं कळतं. तिच्यासाठी समुपदेशकाचं काम म्हणजे वर्गशिक्षिकेला आणि पर्यवेक्षकांना गाठून तिच्या उशिराची सोय लावणं आणि जमलं तर बालवाडीच्या सेविकेशी बोलून पाहणं.

इथे एक सवय लावून घ्या. कुठल्याही मुलाबद्दल ‘आळशी’, ‘बेशिस्त’, ‘निष्काळजी’ असा शब्द कानावर आला की आधी स्वतःला विचारा: याला हे करायचं नाहीये, करता येत नाहीये, की करायला वावच नाहीये? फळ्यावरचं अर्धवट उतरवून घेणारा मुलगा आळशी म्हणून ओळखला जातो आणि त्याला अध्ययन अक्षमता असते, किंवा नुसताच चष्म्याचा नंबर असतो. जागेवर न बसणाऱ्या मुलाला शिस्तीचा तास चौथ्यांदा दिला तर त्याची अतिचंचलता कमी होत नाही. अचानक गप्प झालेल्या, केसही न विंचरता शाळेत येणाऱ्या मुलीला नीटनेटकेपणाचा धडा नको असतो. अशा मुलांना तपासणीसाठी योग्य ठिकाणी पाठवणं हे गुणसंवर्धनाच्या कार्यक्रमातलंच काम आहे, कारण एकदा ‘हा तसाच आहे’ हा शिक्का बसला की मूलही तसंच वागायला लागतं.

वर्गाचा तास हा कार्यक्रमाचा एक थर. दुसरा थर छोट्या गटांचा, तिसरा एकेकट्या मुलाशी बोलण्याचा. वर्गावरच्या शिक्षकापेक्षा समुपदेशकाचा उपयोग खरा कुठे, तर या दुसऱ्या थरात.

चिडवण्याचंच घ्या. ‘सौजन्यशीलता’ महिना म्हणून सगळ्या वर्गाला ‘कुणाला नावं ठेवू नका’ सांगितलं की ज्याला नाव ठेवलं जातंय त्याच्याकडे सगळे वळून बघतात. त्यापेक्षा वर्गातली चार-पाच मुलं निवडा. चिडवणारी नकोत, ज्याला चिडवतात तोही नको. बघत उभी राहणारी घ्या, ज्यांना वर्गात थोडा मान आहे अशी. कबड्डीच्या टीममधला एखादा, चित्रं छान काढणारी एखादी. त्यांना विचारा, ‘तो बाथरूमच्या बोळात अडकतो तेव्हा तुम्ही कुठे असता?’ खाली बघतील. मग विचारा, ‘भांडण न करता काय करता येईल?’ मुलांना वाटतं की मदत म्हणजे चिडवणाऱ्याशी जाऊन भिडणं, आणि ते तर त्यांना जमणार नसतं. सोपं, जमण्यासारखं शिकवा: नुसतं जवळ जायचं, चिडवणाऱ्याकडे बघायचंही नाही, त्या मुलाला म्हणायचं, ‘चल, टीममध्ये एक कमी आहे’, आणि त्याला घेऊन निघायचं. हे तुमच्या खोलीत उभं राहून करून घ्या, दोन पावलं चालत, आवाजासकट. पहिल्यांदा सगळे लाजून हसतात. तिसऱ्या वेळी आवाज ठीक लागतो.

चिडवणारा आणि चिडवला जाणारा या दोघांना समोरासमोर बसवून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ हा प्रकार करू नका. मोठ्यांसमोरची ती दिलजमाई शाळा सुटल्यावर गेटबाहेर महागात पडते. दोघांशी वेगवेगळं बोला. भरपाई करायची तर ती कृतीतून: फाडलेली वही पुन्हा लिहून देणं, लपवलेली चप्पल शोधून आणणं. आणि चिडवणं जातीवरून, धर्मावरून किंवा शरीरावरून होत असेल तर तो तुमच्या तासाचा विषय राहत नाही. तो मुख्याध्यापकांकडे लेखी जायला हवा आणि पालकांना बोलवायला हवं.

तक्त्यात कुठेतरी ‘आज्ञाधारकपणा’ किंवा ‘मोठ्यांचा आदर’ असेल. असतोच. हा एक शब्द मात्र मुख्याध्यापकांशी बोलून बदलून घ्या, किंवा निदान त्याला जोड द्या. मोठ्यांचं नेहमी ऐकायचं असं ज्या मुलाला पक्कं शिकवलंय, ते मूल ओळखीच्या मोठ्या माणसाने चुकीचं काही केलं तर सांगत नाही. आदराच्या महिन्यातच ‘नाही म्हणणं’, ‘तिथून निघणं’ आणि ‘विश्वासाच्या माणसाला सांगणं’ यांचा सराव घ्या, त्याच जोडीच्या पद्धतीने. १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीच्या मदतीचा, क्रमांक मुलांना पाठ असू द्या. असा तास घेतला की पुढच्या एक-दोन दिवसांत कुणीतरी तुमच्या खोलीशी घुटमळतं. त्यासाठी तयार राहा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. तिथे ‘संस्थेची बदनामी’ ही सबब चालत नाही आणि गुप्ततेचं वचनही लागू होत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत मुलांना सांगून ठेवा, ‘तुझं बोलणं माझ्याजवळ राहील. पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल, आणि ते मी तुला सांगून करेन.’

उरलेलं सगळं गुप्त. मुलाने खोलीत सांगितलेली गोष्ट नाव बदलून वर्गात उदाहरण म्हणून वापरायची नाही. छोट्या गावात, एकाच वस्तीतल्या मुलांच्या शाळेत नाव बदलून काही लपत नाही. तसंच, शिक्षा म्हणून मुलं तुमच्याकडे पाठवली जाणं बंद करा. ‘जा, ताईंकडे जाऊन बस’ हे दोन-तीनदा झालं की समुपदेशकाची खोली म्हणजे दुसरी पर्यवेक्षकांची केबिन होते आणि ज्याला खरंच बोलायचंय तो येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असं म्हटलंय. त्यामुळे शाळांना आता आपली माणसं हवी आहेत. रुजू होतानाच कामाच्या अटी ठरवून घ्यायला ही बरी वेळ आहे.

मोठ्यांच्या वागण्याबद्दल बोललं नाही तर हे उत्तर अर्धवट राहील. शाळा तपासणी जवळ आली की आदल्या दिवशी वर्षभराच्या उपक्रमांच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्या जातात, सुंदर अक्षराच्या मुलींना बसवून. ‘साहेबांनी विचारलं तर आम्ही रोज वाचनतास घेतो म्हणून सांगा’ हेही मुलांना सांगितलं जातं. सप्टेंबरचा प्रामाणिकपणा तिथे एका दुपारी धुऊन निघतो. तुम्ही नव्या आहात, हे थांबवायला जाऊ नका, थांबणार नाही. तुमच्या स्वतःच्या नोंदवहीत मात्र न घेतलेला तास घेतला म्हणून लिहू नका, आणि त्या कामाला मुलांना बसवू नका. मुलं बघत असतात. पालकसभेतही लांब भाषण नको. एकच गोष्ट मागा: ‘फोन आला तर पप्पा घरी नाहीत म्हणून सांग, हे पुढचा महिनाभर सांगू नका.’ सभेत हशा पिकतो आणि घरी जाऊन एखादी पोरगी बापाला आठवण करून देतेच.

आता मोजण्याचं. ‘मी प्रामाणिक आहे: नेहमी, कधीकधी, कधीच नाही’ असल्या प्रश्नावल्या वाटू नका. मुलांना हवं ते उत्तर ओळखता येतं, म्हणून प्रश्नावलीत सगळा वर्ग साधुसंत निघतो. डोळ्यांना दिसतं ते मोजा. हरवलं-सापडलं पेटीत किती वस्तू आपणहून आल्या. हजेरीनंतर किती मुलांनी गृहपाठाचं सांगितलं आणि त्यातल्या किती जणांनी तारीख पाळली. चाचणीचे पेपर परत दिल्यावर ‘बाई, इथे एक गुण जास्त दिलाय’ असं सांगायला कोणी आलं का. बोळातल्या तक्रारी महिन्यागणिक वाढल्या की घटल्या. सुरुवातीला तक्रारी वाढल्या तर घाबरू नका, मुलं सांगायला लागली असा त्याचा अर्थ असू शकतो. आकडे वर्गाचे ठेवा, मुलागणिक नको.

प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदी हा तुमच्या हातातला आयता मार्ग आहे. ‘प्रामाणिक आहे’, ‘सहकार्यवृत्ती चांगली’ असे शिक्के वर्गशिक्षकांना पाठ झालेले असतात. त्यांना प्रत्येक मुलामागे घडलेली एक गोष्ट पुरवा: ‘चाचणीत जास्त मिळालेला गुण आपणहून दाखवला’, ‘नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात डब्याला सोबत घेतलं’. नोंद वाचून घरच्यांना कळतं की पोराने नेमकं काय केलं, आणि पोरालाही कळतं की कुणीतरी पाहिलं होतं.

महिन्यांचा क्रम बदलायला मिळाला तर शाळेच्या वर्षाप्रमाणे लावा. जूनमध्ये नव्या वर्गात ओळख करून घेणं आणि मदत मागणं. चाचणीच्या आधी गृहपाठाचा आणि नक्कल करण्याचा प्रसंग. गणपतीच्या सुमारास गटात काम वाटून घेणं, कारण सजावटीत चार जण राबतात आणि बाकीचे फोटोत येतात. डिसेंबर-जानेवारीत क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन असतं. तेव्हा हरल्यावर काय करायचं आणि नाटकात निवड झाली नाही तर घरी काय सांगायचं, हे घ्या. फेब्रुवारीनंतर परीक्षेचा ताण आणि झोप.

पहिल्या सत्रात सगळ्या तुकड्यांवर हे एकदम करू नका. सहावीची एक तुकडी निवडा, जिच्या वर्गशिक्षिका उत्साही आहेत अशी, आणि तासाला त्यांना मागच्या बाकावर बसायची विनंती करा. वह्या तपासू नका, नुसतं ऐका, एवढंच सांगा. बाकीच्या तुकड्यांना सध्या मूल्यवर्धनचे उपक्रम पुरतील. दिवाळीच्या सुट्टीआधी त्या एका तुकडीचं एक पान मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा: कोणते प्रसंग घेतले, कोणत्या शिक्षकांनी कोणता नियम बदलला, आणि वर सांगितलेले आकडे. दुसऱ्या सत्रात दुसरी तुकडी मागताना ते पान हातात असू द्या, आणि ज्या शिक्षकांनी आधी नकार दिला होता त्यांना ते तुम्ही न देता त्या वर्गशिक्षिकेकडूनच दाखवलं जाईल असं बघा.